गांजा सोडून पाच दिवस झाले, झोप नाही, भूक नाही, नुसता संताप होतोय: हे काय आहे आणि किती दिवस चालतं

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३१, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरपासून गांजा, गेली बरीच वर्षं रोज संध्याकाळी तीन-चार जॉइंट आणि शनिवार-रविवारी त्याहून जास्त. रविवारी रात्री उरलेला माल फेकून एकदम बंद केलंस, आज पाचवा दिवस. रात्री जेमतेम दोन-तीन तास झोप, त्यात भयंकर स्वप्नं, टी-शर्ट घामाने भिजलेला, ताट समोर आलं की मळमळ, आणि काल बायकोवर एवढा ओरडलास की ती आईकडे निघून गेली होती. तुझं म्हणणं, गांजाची सवय लागत नाही असं सगळे सांगतात मग हे काय आहे, किती दिवस चालणार, झोपेपुरता एक ओढला तर चालेल का, मेडिकलमधून झोपेची गोळी आणू का, हॉस्पिटलला गेलो तर पोलीस आणि कंपनीचं काय, आणि पुढच्या शनिवारी ग्रुपची लोणावळा ट्रिप आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, व्यसनमुक्तीच्या कामात बरीच वर्षं आहे, वयानेही मोठा आहे म्हणून सरळ अरेतुरे करतो.

पहिलं म्हणजे तुला जे होतंय ते विड्रॉवलच आहे, म्हणजे रोजची नशा बंद केल्यावर होणारा त्रास, आणि अगदी ठरलेल्या वाटेने चाललंय. चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, विचित्र स्वप्नं, भूक मरणं, घाम, थंडी वाजल्यासारखं होणं, डोकं दुखणं, पोटात कालवणं, हे सगळं त्यात येतं. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात गांजाचं विड्रॉवल स्वतंत्र निदान म्हणून आलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही ते आहे. तरी लोक सवय लागत नाही म्हणतात कारण दारू किंवा ब्राउन शुगर बंद केल्यावर माणूस जसा आडवा होतो तसं इथे बाहेरून काही दिसत नाही, माणूस ऑफिसला जातो, मीटिंगला बसतो, फक्त आतून सोलवटलेला असतो. आणि दुसरं, जे असं सांगतात त्यातल्या बहुतेकांनी रोज ओढायला लागल्यापासून सलग दोन आठवडे बंद ठेवलेलंच नसतं, त्यांना कळणार कुठून. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या सर्व्हेत देशात गांजा-चरस घेणारे साधारण १.३ कोटी निघाले, भांग धरली तर ३.१ कोटी, आणि गांजा-भांगेच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. त्यामुळे आपल्यालाच असं का होतंय हा विचार तर डोक्यातून काढूनच टाक.

हे होतं कशामुळे ते समजून घे, कारण रात्री अडीच वाजता हेच उपयोगाला येतं. मेंदूत सीबी-१ नावाचे रिसेप्टर, म्हणजे रासायनिक संदेश पकडणाऱ्या जागा असतात, झोप, भूक, भीती, मूड या सगळ्यावर त्यांचं काम चालतं आणि त्यासाठी शरीर स्वतःची द्रव्यं बनवतं. रोज बाहेरून टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, यायला लागलं की मेंदू हे रिसेप्टर कमी करतो, जे उरतात ते पण मंदावतात. मग तू एकदम बंद केलंस की बाहेरचा पुरवठा गेला आणि आतले रिसेप्टर अजून परत आलेले नाहीत, या मधल्या काळात तू आहेस. चांगली गोष्ट अशी की ते परत येतात. स्कॅन करून केलेल्या अभ्यासांमध्ये बंद केल्यावर दोन दिवसांतच सुधारणा सुरू झालेली दिसते आणि साधारण चार आठवड्यांत रिसेप्टरची पातळी न ओढणाऱ्यांच्या जवळपास येते.

म्हणून दिवसांचा हिशोब असा असतो: पहिल्या एक-दोन दिवसांत सुरुवात, दुसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वाईट, नंतर घाम, मळमळ, डोकेदुखी उतरायला लागते आणि दोन आठवड्यांत बहुतेक त्रास संपतो, काहींचा तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. झोप आणि स्वप्नं सगळ्यात शेवटी सुधारतात, त्याला महिना किंवा थोडं जास्त लागू शकतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो कारण तिथे माणसं फसतात, राग आणि उदासी कधीकधी दुसऱ्या आठवड्यात जास्त जाणवते, शरीराचा त्रास गेलेला असतो आणि मन मात्र एकदम खाली बसतं. तेव्हा असं वाटतं की चला, गांजा तर गेला पण माझ्यात मुळातच काहीतरी बिघाड आहे.

आणि मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. रोज ओढणारा प्रत्येक दुसरा माणूस मला सांगतो, डॉक्टर मला ऍन्क्झायटी आहे म्हणून ओढतो, ओढल्याशिवाय झोप येत नाही म्हणून ओढतो, राग कंट्रोल होत नाही म्हणून ओढतो. आता वरची लक्षणं परत वाच. ऍन्क्झायटी, झोप नाही, राग. म्हणजे बंद केल्यावर जे होतं तेच तंतोतंत ओढायचं कारण म्हणून समोर येतं. दोन दिवस माल मिळाला नाही, जीव कासावीस झाला, मिळाल्यावर शांत झाला, असं वर्षानुवर्षं झालं की माणसाची पक्की खात्री होते की हेच माझं औषध. यातलं खरं तुझं किती आणि विड्रॉवलचं किती हे पाचव्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. चार आठवडे काहीही न घेता गेले की मग जे उरेल ते बघायचं. काहींना खरंच मुळातली ऍन्क्झायटी असते, डिप्रेशन असतं, एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, अस्वस्थता असते तो त्रास निघतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत, ते घ्यायचे. पण मी असाच आहे, मला हे लागतंच, असला कुठलाही निकाल या दोन आठवड्यांत स्वतःबद्दल लावायचा नाही. नोकरी सोडायची का, लग्न टिकेल का, हे निर्णय पण या पंधरवड्यात नकोत.

आता झोप. ओढून झोपणाऱ्याला वाटतं आपली झोप मस्त लागत होती, पण टीएचसी स्वप्नांची जी झोप असते, आरईएम, ती दाबून ठेवतं. बंद केल्यावर ती उसळून येते, म्हणून स्वप्नं एवढी लखलखीत, भीतीदायक आणि लांबलचक. बऱ्याच जणांना स्वप्नात आपण ओढतोय असं दिसतं आणि दचकून उठल्यावर अपराधी वाटतं, त्याचा काहीही अर्थ लावत बसू नकोस, ते सर्रास होतं आणि आपोआप कमी होतं. करायचं काय तर सकाळी उठायची वेळ एकच ठेव, रात्री कितीही कमी झोप झाली असली तरी, रविवारी सुद्धा. दुपारी लोळायचं नाही. अंथरुणात वीसेक मिनिटं नुसता कुशी बदलत असशील तर उठ, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बस, काहीतरी कंटाळवाणं वाच, डोळे जड झाले की परत जा, फोन मात्र तिथे नेऊ नकोस. उशाशी एक कोरडा सुती टी-शर्ट आणि पाण्याची बाटली ठेव, म्हणजे घामाने जाग आली तर दिवे लावून कपाट उघडत बसावं लागत नाही. संध्याकाळी घाम निघेल एवढं भरभर चालणं किंवा सायकल, याने झोपेला आणि मूडला दोन्हीला मदत होते, फक्त झोपायच्या अगदी तोंडावर नको.

चहाचं कोणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतो. धूर ओढणाऱ्याचं लिव्हर कॅफिन लवकर निकालात काढतं. धूर बंद झाला की काही दिवसांतच तो वेग मंदावतो, म्हणजे तू पूर्वीइतकेच चार-पाच कप घेतलेस तरी अंगात कॅफिन जास्त वेळ राहतं, मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप गायब, आणि माणूस म्हणतो बघा गांजा सोडल्यामुळे ऍन्क्झायटी वाढली. चहा-कॉफी निम्म्यावर आण आणि दुपारी बारा-एकनंतर बंद. कोणाला क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर त्यांनीही सिगरेट-गांजा बंद केल्याचं डॉक्टरांना लगेच सांगायला हवं, याच कारणाने त्या औषधांची रक्तातली पातळी पण वाढते.

यालाच जोडून तंबाखू. तू लिहिलंयस की सिगरेट मी फार ओढत नाही, पण जॉइंट भरताना सिगरेट मोकळी करून तिची तंबाखू मिक्स करतोस ना, आपल्याकडे बहुतेक जण तसंच करतात. मग रोजचे तीन-चार जॉइंट म्हणजे रोजचं निकोटिन, आणि आत्ता तुझे एकाच वेळी दोन विड्रॉवल चाललेत. चिडचिड आणि लक्ष न लागणं यातला मोठा वाटा निकोटिनचा असू शकतो. इथे दोन गोष्टी घडतात, एक तर माणूस गांजाच्या जागी दिवसाला दहा सिगरेटी ओढायला लागतो आणि मग त्याच टपरीवर, त्याच हातवाऱ्यात, त्याच मित्रांत उभा राहतो, आणि एक दिवस सिगरेटमध्ये काय भरलंय याने फरक पडेनासा होतो. नाहीतर गुटखा-मावा सुरू होतो. माझा कल दोन्ही एकदम सोडण्याकडे आहे, फक्त निकोटिनला गमचा आधार घ्यायचा. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतो. तो च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो, चार-सहा वेळा चावून जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, कोल्ड्रिंक नको नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. भराभर चावून थुंकी गिळली की उचकी आणि मळमळ होते आणि लोक म्हणतात गम सूट होत नाही.

जेवणाबद्दल जास्त ताण घेऊ नकोस, भूक आठवड्या-दोन आठवड्यात परत येते आणि उतरलेलं एक-दोन किलो वजन पण भरून निघतं. तोपर्यंत मोठं ताट घेऊन बसूच नकोस. भाताची पेज, मऊ भात-मेतकूट-तूप, मुगाची खिचडी, ताक, केळं, उकडलेलं अंडं, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. घाम जातोय तर लिंबू सरबत मीठ घालून. मात्र उलट्या थांबतच नसतील, पाणीसुद्धा टिकत नसेल, तर डॉक्टरकडे जायचं. आणि आठवून बघ, ओढत असताना पण अधूनमधून दिवसदिवस उलट्या व्हायच्या का आणि गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहिलं की बरं वाटायचं का? तसं असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांग, जास्त गांजाने होणारा तो एक वेगळा आजार आहे, त्यात लोक ऍसिडिटीच्या गोळ्या आणि एंडोस्कोप्या करत वर्षं घालवतात आणि तो बरा होतो फक्त पूर्ण बंद केल्यावर.

झोपेपुरता एक ओढू का? नको. तू सगळ्यात अवघड दिवस जवळजवळ पार केलेत, आज ओढलास तर झोप लागेल, त्रास थांबेल, आणि मेंदू एवढंच शिकेल की पाचव्या दिवशी असह्य झालं की काय करायचं. पुढच्या वेळी पाचवा दिवस आणखी जड जातो. हळूहळू कमी करत नेणं हाही एक मार्ग आहे, दिवसभर सकाळपासून ओढणाऱ्यांना मी कधी कधी तसं लिहूनही देतो, रोजचं वजन ठरवून, तारखा ठरवून, पहिला जॉइंट रोज थोडा उशिरा ढकलत, आणि माल दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात ठेवून. पण ते सुरुवातीला ठरवायचं असतं. एवढं सोसल्यावर आता मागे जाऊन टेपर करण्यात काही हशील नाही.

गोळ्यांचं. गांजाच्या विड्रॉवलसाठी म्हणून मंजूर झालेलं असं एकही औषध आज नाही. झोप, मळमळ, बेचैनी यासाठी थोडे दिवस औषध देता येतं आणि ज्याला गरज आहे त्याने ते मानसोपचारतज्ज्ञाकडून जरूर घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. पण मेडिकलवाल्या ओळखीच्या माणसाकडून अल्प्राझोलम नाहीतर झोल्पिडेम असल्या झोपेच्या गोळ्या आणू नकोस. गांजा सोडून सहा महिन्यांनी अल्प्राझोलमच्या स्ट्रिपा सोडवायला आलेली माणसं मी बघितलीत, आणि ते सोडवणं गांजापेक्षा खूप अवघड आणि धोक्याचं असतं. तीच गोष्ट रात्रीच्या दोन पेगची. आणि हे नीट वाच, गांजाच्या विड्रॉवलने जीव जात नाही, पण दारूच्या आणि अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांच्या विड्रॉवलने जाऊ शकतो, फिट येऊ शकते. तू किंवा हे वाचणारं कोणीही गांजाबरोबर रोज दारू किंवा रोज अशी गोळी घेत असेल तर ती घरच्या घरी एकदम बंद करायची नाही, आधी डॉक्टर.

घरचं. बायकोला हे सगळं वाचायला दे. राग विड्रॉवलचा असला तरी ओरडा तिनेच ऐकलाय, त्यामुळे माफी त्याच दिवशी मागायची. दोघं मिळून ठरवा की पुढचे दोन आठवडे पैसे, सासर-माहेर, मूल कधी, हे विषय रात्री काढायचे नाहीत. तुझा पारा चढतोय असं वाटलं की तू चप्पल घालून खाली उतरायचं आणि सोसायटीला दोन फेऱ्या मारून यायचं, हे आधीच सांगून ठेव म्हणजे तिला तू भांडण टाकून पळतोयस असं वाटणार नाही. हात उचलला जाईल असं वाटलं तर घरात थांबायचंच नाही. आणि वहिनी, तुम्ही वाचत असाल तर त्याचे खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, रोज घेतलास का विचारणं, यातून दोघांनाही त्रासाशिवाय काही मिळत नाही. जेवणात कळू न देता मिसळायची पावडर, नशा कायमची बंद, अशा जाहिराती दिसतात, तसलं काहीही देऊ नका. आत काय असतं ते माहीत नसतं, माणसाच्या जिवाशी खेळ होतो, आणि कळलं की विश्वास संपतो तो वेगळाच.

संध्याकाळी सात ते दहा हे तुझे तास आहेत, रोजची वेळ, गच्ची, हेडफोन. तलफ आली की ती कायम चढत जाणार असं वाटतं पण ती साधारण पंधरा-वीस मिनिटांत वर जाऊन उतरते, घड्याळ लावून बघ. तेवढा वेळ जागा बदलायची, अंघोळ, भांडी घासणं, कोणाला तरी फोन. क्रशर, पेपर, चिलीम, डब्बी घरातून बाहेर काढ, आठवण म्हणून पण ठेवू नकोस. पेडलरचा नंबर डिलीट आणि ब्लॉक. ग्रुपमधल्या एका तरी मित्राला खरं सांग, सगळ्यांना सांगायची गरज नाही.

पोलीस आणि कंपनी. उपचारासाठी गेलेल्या पेशंटला डॉक्टर पोलिसात देत नाहीत, मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे तुझी माहिती गोपनीय ठेवणं हा तुझा हक्क आहे. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, १९८५ च्या, कलम ६४-अ पण आहे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही, अट एवढीच की उपचार पूर्ण करायचे. तुझ्यासारख्याला ऍडमिट व्हायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, ओपीडीत भागतं. पुण्यात ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो, येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मन फारच खचलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, दोन्ही फुकट. जिथे बांधून ठेवतात, मारतात असं कानावर येतं अशा सेंटरला कोणी कितीही ओळखीचा म्हणाला तरी जाऊ नये. कंपनीत युरिन टेस्ट असेल तर रोज ओढणाऱ्याची टेस्ट बंद केल्यावर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू निघतं, ऑनलाइन मिळणाऱ्या डिटॉक्स ड्रिंकवर पैसे घालवू नकोस.

वाट न बघता लगेच दाखवायचं ते कधी, तर आवाज ऐकू यायला लागले, लोक आपल्याबद्दल बोलतायत किंवा पाळत ठेवतायत असं ठाम वाटायला लागलं, दोन-तीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही आणि बोलणं थांबत नाही, किंवा मरणाचे विचार येतायत. यातलं काहीही विड्रॉवल म्हणून अंगावर काढायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, रात्र असेल तर मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी.

लोणावळा टाळ. तेराव्या दिवशी, पावसात, त्याच पाच जणांबरोबर, मागच्या सगळ्या ट्रिपा जिथे ओढल्यात त्या बंगल्यावर जाऊन नाही म्हणणं हे कोणालाच झेपत नाही, त्यात तुझी परीक्षा बघायचं काही कारण नाही. बायकोला घेऊन सासरी जा, दोन दिवस तिकडेच राहा. ग्रुपला काय सांगायचं ते आजच लिहून ठेव, डॉक्टरांनी फुप्फुसासाठी बंद करायला सांगितलंय एवढं पुरतं. होळीला, महाशिवरात्रीला कोणी प्रसाद म्हणून भांग दिली तरी त्यातही टीएचसीच असतं, तिलाही नाही.

आणि समज घसरलास, एक ओढला गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळेला उठायचं आणि परत सुरू. आता मोडलंच आहे तर वीकेंडभर ओढू या विचाराने जेवढे लोक परत रोजच्यावर गेलेत तेवढे त्या एका जॉइंटने गेलेले नाहीत. कुठे होतास, कोण बरोबर होतं, त्याच्या आधीच्या दोन तासांत काय झालं होतं, हे कागदावर लिही, बायकोला त्याच दिवशी सांग आणि डॉक्टरकडे जाताना तो कागद घेऊन जा.